पाकिटावरची आठ नावं

"साहेब, आम्ही आठजणं मिळून एकच बोली लावली तर चालतंय का?"

२०११ चा पावसाळा. आमच्या बँकेच्या इचलकरंजी शाखेत माझ्या टेबलासमोर उभा असलेला माणूस विचारत होता. माझ्याकडे उत्तर तयार होतं, आणि ते छापीलही होतं. मी विक्री सूचनेतल्या अकराव्या अटीवर बोट ठेवलं : 'संयुक्त बोली स्वीकारली जाणार नाही.' त्याने ती ओळ दोनदा वाचली. सदऱ्याला कापसाचे तंतू चिकटलेले होते, म्हणजे रात्रपाळी उरकून थेट आला असणार. "बरं," एवढंच म्हणून तो निघाला. बाहेर मोटारसायकलींपाशी सात माणसं उभी होती. त्याने लांबूनच मान हलवली आणि सगळे पांगले.

ती अट मीच घातली होती. आज वाटतं की रागाने घातली होती. तेव्हा मला ते शहाणपण वाटत होतं. का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

थकीत कर्जांच्या वसुलीचं काम माझ्याकडे २००८ मध्ये आलं. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकांना कोर्टाची पायरी न चढता तारण ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार दिला. ते विकणारा माणूस म्हणजे प्राधिकृत अधिकारी. मालमत्तेचं मूल्यांकन करून घ्यायचं, राखीव किंमत ठरवायची, दोन वर्तमानपत्रांत सूचना द्यायची, तीस दिवस थांबायचं आणि ठरल्या दिवशी शाखेत पाकिटं फोडायची. आमच्याकडे तेव्हा आधी बंद पाकिटं उघडत आणि मग पाकिटं भरलेल्यांमध्येच तोंडी बोली चढे. पाकिटासोबत अनामत रकमेचा ड्राफ्ट असायचा. आम्ही त्याला ईएमडी म्हणायचो. बोली सुटली की चौथा हिस्सा तिथल्या तिथे आणि उरलेले पंच्याहत्तर टक्के विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत भरायचे. नाही भरले तर आधी भरलेलं जप्त. ही पंधरा दिवसांची मुदत पुढच्या साऱ्या गोष्टीच्या मुळाशी आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग आणला. त्यानंतर गाव मागांवरच वाढलं. घराच्या मागच्या खोलीत चार माग, मग पुढच्या पिढीत पत्र्याची शेड, मग शेडवर कर्ज, अशी कितीतरी कुटुंबं मी पाहिली. त्यांतले पुष्कळ खर्चीवाले. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, माग आणि वीजबिल आपलं, आणि पिकाच्या, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या, हिशेबाने मिळणारी मजुरी ही कमाई. सूत महागलं, वीजदर वाढले, मजुरी मात्र तिथेच राहिली की आधी पाळी बंद होते, मग शेड, आणि मग फाईल माझ्याकडे येते.

२००९ मध्ये एका शेडमधले चोवीस माग मी विकायला काढले. चार पाकिटं आली, चारही भंगारवाल्यांची. तोंडी बोली सुरू झाली तशी हॉलमधली हवा बदलली. दोघे पहिल्या पाच मिनिटांत गळाले. उरलेले दोघे एकमेकांकडे न पाहता दहा-दहा हजारांनी चढत राहिले. माग ७ लाख ५० हजारांना गेले. कर्जखात्यात अपेक्षेपेक्षा जास्त रक्कम जमा झाली आणि मी वरिष्ठांना समाधानाने अहवाल पाठवला.

सहा महिन्यांनी तसेच चोवीस माग दुसऱ्या शेडमधून आले. त्याच बनावटीचे, जवळपास त्याच वयाचे. या खेपेला पाकीट आलं एकच, आणि त्यावर नावं होती चार. मागच्या वेळचे तेच चौघे. "भागीदारीत घेतोय साहेब, नियमात बसतंय," त्यांच्यातला वयस्कर माणूस म्हणाला. बसत होतंच. संयुक्त बोलीला तेव्हा बंदी नव्हती. राखीव किंमत ४ लाख ४० हजार होती आणि पाकिटात ४ लाख ५० हजार लिहिले होते. एकच पाकीट असल्यावर बोली चढवणार कोणाशी? मी सही केली.

आठवडाभराने ताबा देण्याची कागदपत्रं पुरी करायला म्हणून मी त्या शेडवर गेलो. दारात टेम्पो उभा होता. आत ते चौघे मागांच्या रांगांमधून फिरत होते आणि प्रत्येक रांगेपाशी थांबून बोली लावत होते. आपसातला लिलाव! आमच्या हॉलमध्ये जे व्हायला हवं होतं ते इथे, पत्र्याखाली, माझ्या देखत चाललं होतं. चढलेला पैसा चौघांत वाटला जाणार होता. मला पाहून ते थांबले नाहीत, कारण त्यांच्या लेखी त्यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं. माल त्यांचा होता.

त्या कर्जाला एक जामीनदार होता. स्वतः बारा मागांचा धनी. लिलावातून जे कमी पडलं ते त्याच्या माथी आलं. तो मला भेटायला आला तेव्हा भांडला नाही. त्याने फक्त विचारलं, "तेवढेच माग, तेवढंच वजन. सहा महिन्यांत तीन लाख कमी कसे आले, साहेब?" मला भंगाराचे भाव पडले असं सांगता आलं असतं. भाव पडलेले नव्हते. मी गप्प बसलो आणि त्याचं ते वाक्य माझ्याजवळ राहिलं.

म्हणून ती अकरावी अट.

मला वाटलं होतं, नावं एकत्र येऊ दिली नाहीत तर माणसं वेगळी येतील. २०११ च्या त्या लिलावात शेड, जमीन आणि बत्तीस माग असा सगळा एकच लॉट होता. पाकिटं उघडायच्या दिवशी मी, शाखा व्यवस्थापक आणि एक कारकून साडेअकरापर्यंत हॉलमध्ये बसून राहिलो. एकही पाकीट आलं नाही. भंगारवाल्यांना घाई नव्हती. पहिल्या फेरीत कोणी आलं नाही की दुसऱ्या फेरीत बँक राखीव किंमत उतरवते हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. त्यांना एकत्र यायला माझ्या कागदाची गरज नव्हतीच. चौघांनी मिळून न येण्याचं ठरवलं तरी ती युतीच. फक्त ती कोणत्याही पाकिटावर दिसत नाही. आले असते तरी एकाच्या नावाने पाकीट भरून मागे चौघे राहिले असते. माझ्या अटीने अडले ते फक्त आठ खर्चीवाले. त्यांनी मला विचारून, उघडपणे एकत्र यायचं ठरवलं होतं.

त्या संध्याकाळी मला ससून डॉक आठवला. नोकरीच्या सुरुवातीला मी मुंबईत कुलाब्याच्या बाजूला कारकून होतो. सकाळच्या पाळीच्या आधी कधीकधी डॉकवर चक्कर मारायचो. १८७५ साली बांधलेला तो डॉक अजून पहाटे अंधारातच जागा होतो. बोटींमधून माल उतरतो, ढीग पडतात आणि बोली सुरू होते. एका बाजूला हॉटेलांना आणि निर्यातवाल्यांना माल देणारे मोठे खरीददार, दुसऱ्या बाजूला पाट्या घेऊन आलेल्या कोळणी. ढीग असतो मोठा, एकटीच्या ऐपतीबाहेरचा, आणि एका दिवसात एकटीने खपवण्याबाहेरचाही. म्हणून तिघी-चौघी मिळून बोली लावतात. एकजण बोलते, बाकीच्या तिच्या मागे उभ्या राहून डोळ्यांनी सांगतात, अजून एक पायरी चढ किंवा आता पुरे. ढीग सुटला की तिथेच, ओल्या फरशीवर, वाटे पडतात. मी पाहिलेल्या एका टोळक्यात जी वाटे घालायची ती स्वतःचा वाटा सगळ्यात शेवटी उचलायची. वाटे सारखे पडावेत याचा याहून साधा बंदोबस्त मला अजून सापडलेला नाही.

त्या बायका एकत्र आल्या म्हणून बोटवाल्याचं नुकसान झालं का? उलट त्या एकत्र आल्या नसत्या तर त्या ढिगावर बोली लावणारं एक माणूस कमी झालं असतं. भंगारवाले एकत्र आले तेव्हा चार बोलीदारांचा एक झाला. कोळणी एकत्र येतात तेव्हा शून्याचा एक होतो. दोन्हीकडे कागदावर चित्र एकच, चार नावं आणि एक बोली. फरक पाहायचा तर एकच विचारावं लागतं, यांतला प्रत्येक जण एकटा येऊ शकला असता का?

दुसऱ्या दिवशी मी त्या आठांपैकी ज्याचा पत्ता मिळाला त्याला निरोप धाडला. तो आला, अजून दोघांना घेऊन. मी विचारलं, एकेकटे का आला नाहीत. त्याने मला जे सांगितलं ते मला आधीच कळायला हवं होतं. "पंधरा दिवसांत सगळे पैसे कुठनं आणायचे, साहेब? कर्ज काढायचं म्हटलं तर तुमचीच बँक दोन महिने लावती. घरात जे असंल तेच. आठ घरातलं मिळून तेवढं हाय." बरोबरचा दुसरा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, होता, त्याच शेडमध्ये नऊ वर्षं काम केलेला. बत्तीसपैकी कोणत्या मागांचे क्रँक झिजलेत आणि कोणते अजून दहा वर्षं चालतील हे त्याला तोंडपाठ होतं. तिसऱ्याचा भाऊ गवंडी. शेडच्या मागच्या भिंतीला पाणी का झिरपतं आणि ते थांबवायला किती खर्च येईल हे त्याला माहीत होतं. मग माझ्या लक्षात आलं की एकत्र येऊन ही माणसं नुसते पैसे जमवत नव्हती, माहितीही जमवत होती.

या दुसऱ्या गोष्टीचं महत्त्व मला पुढे, वाचताना उमगलं. १९७१ मध्ये अटलांटिक रिचफील्ड या अमेरिकी तेलकंपनीतल्या केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तिघांनी एक निबंध लिहिला. मेक्सिकोच्या आखातात समुद्रतळाचे पट्टे लिलावात निघत. खाली तेल किती हे कोणालाच नक्की माहीत नसे; प्रत्येक कंपनी आपापला अंदाज बांधून बोली लावी. जिंकायचा कोण? ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त फुगलेला तो. म्हणजे लिलाव जिंकणं हीच आपण जास्त मोजल्याची खूण. याला विजेत्याचा शाप म्हणतात. हा शाप माहीत असलेला शहाणा माणूस बोली हात राखून लावतो. पण दोघा-चौघांनी आपापले अंदाज एकमेकांपुढे मांडले तर अंदाज खऱ्याच्या जवळ जातो, भीती कमी होते, आणि हात राखण्याचं कारणही कमी होतं. एकत्र आल्याने बोली खाली यायच्याऐवजी वर जाऊ शकते ती अशी. २०२० चं अर्थशास्त्राचं नोबेल पॉल मिलग्रोम आणि रॉबर्ट विल्सन यांना लिलावांच्या अभ्यासासाठी मिळालं, आणि विल्सन यांचं काम याच विजेत्याच्या शापावरचं होतं.

त्याच आखातातली आणखी एक गोष्ट मला फार जवळची वाटते. १९७५ मध्ये अमेरिकेने संयुक्त बोलीला बंदी घातली, पण सरसकट नाही. दिवसाला १६ लाख पिंपांहून अधिक उत्पादन असलेल्या बड्या कंपन्यांनी आपसात हातमिळवणी करायची नाही, एवढंच. लहान कंपन्यांना मोकळीक ठेवली. आपल्याकडच्या २००२ च्या स्पर्धा कायद्यातही तसाच विचार आहे. त्याचं तिसरं कलम बोलीतलं संगनमत स्पर्धेला बाधक मानतं आणि त्याच कलमात संयुक्त उपक्रमाने कार्यक्षमता वाढत असेल तर त्याला सूट देतं. ही तरतूद मे २००९ पासून लागू होती. मी ती अट घातली तेव्हा कायदा माझ्यापेक्षा पुढे होता, आणि मी तो उघडून वाचला नव्हता.

दुसरी सूचना काढताना मी चार गोष्टी बदलल्या. पहिली, राखीव किंमत. जुनं मूल्यांकन काढून पाहिलं तर मूल्यांककाने माग वजनावर धरले होते, आणि वजनाचा भाव विचारला होता गावातल्याच भंगारवाल्यांना. म्हणजे ज्यांनी कमीत घ्यायचं तेच कमीतली किंमत सांगणार! मी चालू मागाचा भाव काढून आणायला लावला. तो भंगाराच्या जवळपास दीडपट आला. दुसरी गोष्ट, लॉट फोडले. जमीन आणि शेड एक लॉट. माग आठ-आठचे चार लॉट, आणि शेडचा लिलाव आधी. तिसरी, संयुक्त बोलीची अट उलटी केली : एकत्र या, पण प्रत्येकाचं नाव, हिस्सा आणि सही पाकीट भरतानाच द्या, एका लॉटसाठी एका माणसाचं नाव दोन पाकिटांत चालणार नाही, पाकीट बंद झाल्यावर नवा भागीदार घेता येणार नाही. चौथी, तोंडी बोली मागांच्या लॉटपुरती काढून टाकली. पाकिटात जो आकडा तोच शेवटचा.

ही चौथी गोष्ट मला चौघा भंगारवाल्यांच्या त्या साखळीने शिकवली होती. तोंडी बोलीत कोणी ठरलेलं मोडून चढलाच तर बाकीच्यांना तो तिथल्या तिथे दिसतो. ते लगेच चढून त्याला धडा शिकवतात. म्हणून कोणी मोडत नाही. बंद पाकिटात मोडणारा दिसतो तेव्हा लिलाव संपलेला असतो. 'आपण ठरवलंय खरं, पण हा आतून जास्त तर भरणार नाही ना?' हा संशय पाकिटासोबत प्रत्येकाच्या घरी जातो.

तीस दिवसांनी हॉलमध्ये इतकी माणसं होती की शिपायाला शेजारच्या दुकानातून खुर्च्या आणाव्या लागल्या. शेडसाठी तीन पाकिटं आली होती : गोदाम हवं असलेला एक सूतव्यापारी, शेजारचा सायझिंगवाला, आणि आठ नावांचं एक पाकीट. शेडला तोंडी बोली होती. सूतव्यापारी एकटाच, त्यामुळे झटपट चढायचा; बोट वर केलं की झालं. आठांचं तसं नव्हतं. त्यांच्यातला जो माझ्या टेबलापाशी आला होता तो बोलायचा, पण प्रत्येक पायरीआधी मागे वळायचा. त्याच्या मुठीत वहीच्या पानाची घडी होती. प्रत्येक वेळी ती उघडून पाहायचा, जणू आतला आकडा तेवढ्यात बदलला असावा. पंचवीस लाखांच्या पुढे गेल्यावर त्यांच्यातल्या एकाने मान हलवली, पुरे. सातजण त्याच्याकडे बघायला लागले. मी वाट पाहत होतो. तेव्हा मला उमजलं की गटाची ताकद आठांच्या बेरजेइतकी नसते. सगळ्यात घाबरलेल्या माणसाच्या होकाराइतकीच असते. जॉबर त्याच्या कानाशी काहीतरी बोलला. बराच वेळ गेला. मग त्या माणसाने नुसतं खाली पाहिलं, आणि बोलणाऱ्याने तो होकार समजून शेवटची पायरी चढली. २६ लाख ४० हजार. सूतव्यापाऱ्याने पेन खिशाला लावलं.

मग मागांचे लॉट. इथे मला अपेक्षा नव्हती असं काहीतरी घडलं. भंगारवाल्यांची पाकिटं वेगवेगळी आली. भिवंडीहून जुन्या मागांचा एक व्यापारी आला, कारण आठ मागांची अनामत त्याला परवडणारी होती. आणि ते आठजण इथे आठ राहिले नाहीत. दोघा-दोघांच्या चार जोड्या झाल्या आणि प्रत्येक जोडीने एकेका लॉटला पाकीट भरलं. तीन लॉट त्यांना मिळाले, एक भिवंडीला गेला.

मी खूश होतो, पण रात्री तक्ता पुन्हा पाहताना एक गोष्ट दिसली. त्या चार जोड्यांपैकी कोणीही दुसऱ्या जोडीच्या लॉटला पाकीट भरलं नव्हतं. एक लॉट, एक जोडी. हे आपोआप झालं नसणार. आपसात लॉट वाटून घेतले होते. म्हणजे शेडच्या वेळी जे आठजण माझ्या मते लिलावात जीव आणणारे होते, तेच तासाभराने मागांच्या वेळी भंगारवाल्यांसारखे वागले होते. शेड एकट्याच्या आवाक्याबाहेरची होती. आठ माग दोघांच्या आवाक्यात होते, आणि तिथे एकमेकांच्या वाटेला न जाणं ही स्पर्धा टाळणंच होती. भिवंडीवाला आणि भंगारवाले नसते, आणि राखीव किंमत जुनीच राहिली असती, तर दुसरा एखादा जामीनदार मला तोच प्रश्न विचारायला आला असता.

ही गोष्ट पचवायला मला वेळ लागला. तोवर मी माणसांत फरक करत होतो, भंगारवाले लबाड आणि खर्चीवाले भले. त्या तक्त्याने दाखवलं की माणूस तोच असतो. लॉट बदलला की वागणं बदलतं. लॉट मोठा आणि मुदत तुटपुंजी असेल तर एकत्र येण्याने दार उघडतं. लॉट लहान असेल आणि येणारे सगळे ओळखीचे असतील तर एकत्र येण्याने तेच दार आतून बंद होतं. लॉट किती मोठा करायचा हे बोलीदार ठरवत नाहीत. ते मी ठरवत होतो. लिलावात लोक कसे वागले याचा अर्धा हिशेब लिलाव मांडणाऱ्याच्या नावावर लिहावा लागतो.

विक्री कायम झाल्यापासून तेराव्या दिवशी तो बोलणारा माणूस पुन्हा आला, एकटा. आठांपैकी एकाची बायको दवाखान्यात होती आणि त्याच्या हिश्श्याचे पैसे तिकडे गेले होते. अजून दोन दिवस. हिस्सा भरला नाही तर आठांचेही आधीचे पैसे जप्त. "त्याला काढून टाकता येतंय का?" त्याने विचारलं. मी म्हणालो, नाव काढता येणार नाही, बोली आठांची आहे, प्रमाणपत्रही आठांच्याच नावे निघेल. तो थोडा वेळ बसून राहिला. "मग ऱ्हाऊ दे. आम्ही भरतो, त्यो देईल नंतर." पंधराव्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास सात वेगवेगळ्या खात्यांवरचे धनादेश माझ्या टेबलावर आले. सात धनादेश, आठ नावं. विक्री प्रमाणपत्र टंकलिखित करताना खरीददाराच्या रकान्यात आठ नावं मावेनात, म्हणून जोडपत्र लावावं लागलं.

पुढे ई-लिलाव आले. आता बोली पडद्यावर येते. शेवटच्या पाच मिनिटांत कोणी चढलं की वेळ आपोआप पाच मिनिटं वाढते, आणि मला समोर फक्त क्रमांक दिसायचे. लांबलांबचे लोक बोली लावू शकतात, ओळखीपाळखीचा दबाव कमी झाला, हा मोठा फायदा. पण एका लॉगिनमागे एक माणूस आहे की चार, हे त्या पडद्याला कळत नाही. मागे वळून सात जणांकडे पाहणारा माणूसही मला दिसेनासा झाला. म्हणून सहबोलीदारांचा रकाना मी कधी रिकामा राहू दिला नाही. फोन करून विचारायचो, सोबत कोण आहे, हिस्सा किती, आणि तुम्ही एकटे का येत नाही. बरेच जण सरळ सांगत. जे सांगायला कां-कूं करत त्यांच्या बाबतीत राखीव किंमत आणि बोलीदारांची संख्या मी पुन्हा तपासून पाहायचो.

त्या शेडवर मी निवृत्तीच्या आधी एकदा गेलो होतो. मागांच्या खडखडाटात बोलणं ऐकू येत नव्हतं, म्हणून आठांच्या वतीने बोलणारा तो माणूस मला बाहेर घेऊन आला. चहा पिताना मी इतक्या वर्षांनी विचारलं, पहिल्या दिवशी मी ती अट दाखवली तेव्हा तुम्ही काही बोलला का नाहीत? वाद घातला असता, अर्ज दिला असता, तर मी फेरविचार केला असता. तो म्हणाला, "छापलेलं हुतं की, साहेब. छापलेल्याशी कोण बोलणार?"

परत आल्यावर मी त्या फसलेल्या पहिल्या लिलावाची फाईल काढून पाहिली. कार्यवृत्तात माझ्याच अक्षरात एक ओळ होती : 'विहित मुदतीत एकही निविदा प्राप्त झाली नाही.' आठ माणसं दारापर्यंत येऊन परत गेली होती हे त्यात कुठेच नव्हतं. जे बोली लावतात त्यांची नोंद होते. ज्यांना आपण परत पाठवतो त्यांची होत नाही, आणि मग आपली अट बरोबर होती असं आपल्याला खुशाल वाटत राहतं.

त्या दिवसापासून मी टेबलावर एक साधी वही ठेवली. लिलावाची चौकशी करून जो परत गेला त्याचं नाव, त्याने काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, एवढंच त्यात लिहायचं. निवृत्त होताना चाव्या आणि शिक्क्यांसोबत ती वहीही माझ्या जागी आलेल्या मुलीच्या हाती दिली. तिने विचारलं, ही कोणत्या रजिस्टरमध्ये धरायची? मी सांगितलं, कोणत्याच नाही; पण पुढची सूचना लिहायला बसशील तेव्हा आधी ही वाच.